चौसष्ट घरांची संख्या

बुद्धिबळाचा पट सर्वांच्या परिचयाचा आहे. आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ घरे, अशी एकूण चौसष्ट घरे त्यावर असतात. या चौसष्ट घरांशी एक कथा फार पूर्वीपासून निगडित झालेली आहे. भारतातील एका राजापुढे या खेळाच्या निर्मात्याने आपला पट मांडला. राजा प्रसन्न झाला आणि ‘हवे ते माग’ म्हणाला. त्या बुद्धिमान पुरुषाने मागणे केले ते असे : पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवावा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, याप्रमाणे प्रत्येक घरात मागील घराच्या दुप्पट दाणे ठेवीत जावे, आणि चौसष्ट घरे भरून जेवढे धान्य होईल तेवढे आपणास मिळावे. राजाला हसू आले. एवढा मोठा दाता समोर असताना याने मागावे काय, तर मूठभर गहू! त्याने कोठीवरील अधिकाऱ्याला धान्य मोजून देण्याची आज्ञा केली. अधिकारी हिशेबाला बसला आणि परत आला तो हात जोडूनच. राज्यातील सारी कोठारे रिती केली तरी हे मागणे पुरे होणार नव्हते.

तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने ही कथा आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. निर्मात्याचे नाव तो सिस्सा असे देतो. कथेतील आकड्यांविषयी त्याला स्वतःलाच प्रथम शंका वाटली होती. पुढे अलेक्झांड्रिया येथील एका हिशेबनिसाची गाठ पडली आणि त्याने कागदावर मांडणी करून दाखविली, तेव्हा ती शंका फिटली. सोळाव्या घरापर्यंत त्याने दाणे मोजले. ते त्या एका घरातच ३२,७६८ झाले. मग दाणे सोडून त्याने मापे धरली, मापे सोडून कोठारे धरली, आणि कोठारे सोडून शेवटी नगरे धरली. कथा खरी असो वा नसो, हिशेब मात्र खरा होता. त्या अनाम हिशेबनिसाने जे केले तेच गणिताचे खरे कार्य होय. डोळ्यांना जे पटत नाही ते कागदावर पायरीपायरीने मांडून पटवून द्यावयाचे.

ही संख्या तरी केवढी? एकेका घराची बेरीज करीत बसण्याचे कारण नाही. पहिल्या घरात एक दाणा अधिक टाकला अशी कल्पना करावी. तेथे दोन दाणे झाले. ते उचलून दुसऱ्या घरातील दोन दाण्यांत मिसळले की चार झाले. ते तिसऱ्या घरातील चारांत मिसळले की आठ झाले. असे करीत शेवटच्या घरापर्यंत गेले म्हणजे सारे दाणे मिळून, पटावर नसलेल्या पासष्टाव्या घरात जेवढे पडले असते नेमके तेवढे होतात. उसना घेतलेला एक दाणा परत केला की बेरीज मिळाली. गणिताच्या भाषेत सांगावयाचे तर दोनाचा चौसष्टावा घात उणे एक. अंकांत ती संख्या अशी आहे : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. एकंदर वीस अंक.

ही संख्या वाचावयाची कशी, हाही एक प्रश्नच आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दशगुणोत्तर स्थानांची नावे दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. तेथे ती नामावली संपते. पटावरील दाणे मात्र तेथे संपत नाहीत. ते १८४ परार्ध होऊन वर आणखी ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी इत्यादी उरतात. व्यवहारातील कोटींनीच मोजावयाचे झाले, तर एक लक्ष चौऱ्यांशी हजार चारशे सदुसष्ट कोटी कोटी, अधिक चव्वेचाळीस लक्ष सात हजार तीनशे सत्तर कोटी, अधिक पंच्याण्णव लक्ष एक्कावन्न हजार सहाशे पंधरा, असे म्हणावे लागेल.

नुसत्या नावांनी आकार मनात भरत नाही. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे चाळीस ग्रॅम धरले, तर एका किलोग्रॅमला पंचवीस हजार दाणे होतात. या मानाने सिस्साचे धान्य सुमारे ७३,८०० कोटी टन भरेल. अलीकडच्या वर्षांत साऱ्या जगाचे गव्हाचे वार्षिक पीक ऐंशी कोटी टनांच्या आसपास आहे. म्हणजे पृथ्वीवरील प्रत्येक शेतातील गव्हाचा दाणा न् दाणा नऊशे वर्षे साठवीत गेले तर ते ऋण फिटेल. आणि राजाला हसू आले होते ते पहिल्या चार-दोन घरांकडे पाहून! पहिल्या ओळीतील आठही घरांत मिळून अवघे २५५ दाणे होतात. एका मुठीत मावतील एवढेच. आरंभीची घरे पाहून शेवटच्या घराविषयी अनुमान बांधावयाचे, ही राजाची चूक होती. ती चूक राजांनीच केली आहे असे नाही. सावकाराच्या चक्रवाढीत बुडालेल्या ऋणकोने ती केली आहे, आणि २०२० सालच्या महामारीत आरंभीच्या तुरळक रुग्णांकडे पाहून निश्चिंत राहिलेल्या अनेकांनीही ती केली. पुढे दिसेलच की, गणितातील एका अग्रगण्य बुद्धीकडूनही हीच चूक घडली. आणि तीही याच संख्येच्या पोटात.

तत्पूर्वी ही संख्या मिळविण्याची एक जुनी भारतीय रीत पाहण्यासारखी आहे. दोनाची दुप्पट त्रेसष्ट वेळा करीत बसणे हा एक मार्ग. परंतु छंदःशास्त्राचा आद्य प्रणेता पिंगल याने याहून फार जवळची वाट दाखविली. प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असू शकते. तेव्हा अमुक अक्षरांच्या चरणाचे एकूण प्रकार किती, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर म्हणजे दोनाचा तितकावा घात. तो काढण्यासाठी पिंगल सांगतो की, अक्षरसंख्या सम असेल तर तिचे अर्ध करावे, विषम असेल तर तीतून एक वजा करावा, आणि मग उलट क्रमाने येताना अर्धाच्या जागी वर्ग व वजाबाकीच्या जागी दुप्पट करावी. चौसष्टाचे अर्ध बत्तीस, मग सोळा, आठ, चार, दोन, एक. म्हणजे सहा वेळा वर्ग केला की काम झाले. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग म्हणजेच पटावरील बेरजेपेक्षा एकाने अधिक असलेली संख्या. त्रेसष्ट पायऱ्यांचे काम सहा पायऱ्यांत. अल्-बेरुनी याने सुमारे १००० साली लिहिलेल्या आपल्या कालगणनाविषयक ग्रंथात बुद्धिबळाच्या पटाची ही बेरीज याच तऱ्हेने, वर्गामागून वर्ग घेत, समजावून दिली आहे.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास हीच रीत श्रेढीव्यवहारात घेतली आणि एक उदाहरण घातले. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे पत्करले. तर एका महिन्यात त्याने किती निष्क दिले? उत्तर येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या. म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. या उत्तरात एक गंमत दडलेली आहे. त्यात आणखी एकच कवडी मिळवली तर जी संख्या होते ती मूळसंख्या आहे. एक आणि ती स्वतः यांवाचून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. हे सिद्ध झाले १७७२ मध्ये, भास्कराचार्यांनंतर सहा शतकांनी, आणि सिद्ध करणारा होता लेओनार्ड ऑयलर. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. त्या मठात हे कवड्यांचे उदाहरण विद्यार्थ्यांनी सोडविले असेल, तेव्हा शेवटच्या कवडीपाशी काय उभे आहे याची कल्पना कोणालाच असणे शक्य नव्हते.

चौसष्टाचा हाच आकडा आणखी एका कथेत येतो, आणि तीही भारताच्या नावाने. १८८३ मध्ये एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने एक खेळणे प्रसिद्ध केले. तीन खुंट्या, आणि एका खुंटीवर मोठीवर लहान अशा रचलेल्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवावयाची, लहान चकतीवर मोठी कधीच ठेवावयाची नाही, आणि सारी चळत दुसऱ्या खुंटीवर न्यावयाची. या खेळण्याच्या पाठोपाठ एक कथाही फ्रान्समध्ये प्रसृत झाली. काशीच्या एका मंदिरात हिऱ्याच्या तीन सुयांवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत, पुजारी त्या रात्रंदिवस हलवीत आहेत, आणि काम पुरे होताच सृष्टीचा अंत होईल! काशीकरांना हे मंदिर शोधत बसण्याचे कारण नाही. ते पॅरिसमध्ये रचले गेले. पण कथेतील गणित चोख आहे. एक चकती हलविण्यास एक खेप, दोनांना तीन, तिहींना सात. आणि चौसष्ट चकत्यांना नेमक्या तितक्याच खेपा लागतात जितके पटावर दाणे. सेकंदाला एक खेप धरली तर अठ्ठावन्न हजार कोटींहून अधिक वर्षे होतात. शास्त्रज्ञांच्या मते विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे आजवर विश्वाचा जेवढा काळ गेला त्याच्या बेचाळीस पट काळ ते काम चालले असते.

एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव, म्हणजे तिला निःशेष भागणाऱ्या संख्या, कोणत्या? तिच्या शेवटी पाच आहे, तेव्हा पाचाने भाग जातो हे उघड आहे. अंकांची बेरीज ८७ येते, तेव्हा तिनाने भाग जातो हेही शाळेतील नियमाने कळते. बाकीचे अवयव मात्र पटाकडेच पाहिले असता दिसू लागतात. पहिल्या दोन घरांत मिळून तीन दाणे आहेत. पुढील दोन घरांत त्याच्या चौपट. म्हणून चार घरांची बेरीज तीन गुणिले पाच, म्हणजे पंधरा. त्यापुढील चार घरांत पंधराच्या सोळापट. म्हणून आठ घरांची, म्हणजे पहिल्या ओळीची बेरीज पंधरा गुणिले सतरा, म्हणजे २५५. दोन ओळींची बेरीज २५५ गुणिले २५७. चार ओळींची, म्हणजे अर्ध्या पटाची, त्याच्या ६५,५३७ पट. ती होते ४,२९,४९,६७,२९५. आणि साऱ्या पटाची बेरीज अर्ध्या पटाच्या ४,२९,४९,६७,२९७ पट. याप्रमाणे घरे दुप्पट करीत गेले की प्रत्येक वेळी एक नवा गुणक येतो : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि शेवटी ४,२९,४९,६७,२९७.

या गुणकांकडे पाहून एका माणसाच्या मनात एक विचार आला. पिएर द फर्मा हा फ्रान्समधील तुलूझच्या न्यायालयातील अधिकारी. दिवसाचे काम सरकारी, आणि गणित हा फावल्या वेळेचा उद्योग. परंतु त्या फावल्या वेळात त्याने अंकशास्त्राला जे दिले ते पूर्ण वेळ देणाऱ्यांनाही क्वचितच साधले आहे. १६४० मध्ये त्याने मित्रांना कळविले की, ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या सर्व मूळसंख्या आहेत, आणि याच रीतीने पुढे बनत जाणाऱ्या सर्वच संख्या मूळसंख्या असल्या पाहिजेत अशी आपली खात्री झाली आहे. सिद्धता हाती लागली नसल्याचे त्याने मोकळेपणाने कबूल केले. पण खात्री मात्र होती. पहिल्या पाच संख्यांनी साक्ष दिली होती. सहावी का देणार नाही?

जवळजवळ नव्वद वर्षे या विधानाला कोणी हात लावला नाही. १७२९ च्या डिसेंबरात ख्रिस्तिआन गोल्डबाख याने सेंट पीटर्सबर्ग येथील तरुण ऑयलरला लिहिलेल्या पत्रात सहज विचारले की, फर्माचे हे निरीक्षण आपणास ठाऊक आहे काय? ऑयलर त्या वेळी अवघा बावीस वर्षांचा होता. प्रश्न त्याच्या मनात घोळत राहिला आणि १७३२ मध्ये त्याने निर्णय दिला. ४,२९,४९,६७,२९७ ही मूळसंख्या नाही. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्या श्रोत्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हा गुणाकार अवश्य करून पाहावा. पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागणार नाही.

गुणाकार पाच मिनिटांचा. पण ६४१ सापडले कसे? या संख्येचा अवयव शोधावयाचा म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या साऱ्या मूळसंख्यांनी भागून पाहावयाचे, आणि अशा मूळसंख्या साडेसहा हजारांहून अधिक आहेत. ऑयलरने आधी विचार केला आणि मग भागाकार केले. या संख्येला कोणत्या प्रकारची मूळसंख्या भागू शकेल, याचा त्याने शोध घेतला. त्याला आढळले की, चौसष्टाच्या पटीत एक मिळवून होणारी मूळसंख्याच तिला भागू शकते. अशा मूळसंख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. साडेसहा हजारांच्या जागी पाच भागाकार, आणि पाचव्याला दार उघडले.

आणि एकदा ६४१ हाती आल्यावर तर भागाकारही करावा लागत नाही. ६४१ ही संख्या दोन प्रकारांनी मांडता येते. एक म्हणजे ६४० अधिक एक, आणि ६४० म्हणजे पाच गुणिले दोनाचा सातवा घात. दुसरा प्रकार ६२५ अधिक १६, म्हणजे पाचाचा चौथा घात अधिक दोनाचा चौथा घात. आता ६४१ ने भागल्यावर राहणाऱ्या बाकीकडेच लक्ष ठेवावे. ६४० ची बाकी उणे एक म्हणता येईल, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी अधिक एक. पण ६४० चा चौथा घात म्हणजे पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. दुसऱ्या मांडणीवरून पाचाच्या चौथ्या घाताच्या जागी उणे दोनाचा चौथा घात ठेवता येतो. बाकीत फरक पडत नाही. तसे केले की उणे दोनाचा बत्तिसावा घात आणि एक यांची बाकी सारखीच ठरते. म्हणजेच दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक या संख्येला ६४१ ने भागले असता बाकी शून्य.

यातील मर्म असे की, ऑयलरने वापरलेले शस्त्र फर्माच्याच शस्त्रागारातील होते. १६४० या त्याच वर्षी फर्माने दोनाचा सदतिसावा घात उणे एक ही संख्या घेतली होती, तिचा अवयव कोणत्या प्रकारचा असू शकेल हे याच जातीच्या विचाराने ठरविले होते, आणि २२३ हा अवयव शोधून काढला होता. तेच साधन तो सहाव्या संख्येवर चालविता, तर पाच भागाकारांत स्वतःच्या अनुमानाचा निकाल त्याला स्वतःलाच लावता आला असता. बुद्धी होती, साधन होते. शंका मात्र नव्हती. आरंभीची पाच घरे पाहून पुढील साऱ्या घरांविषयी तो निःशंक झाला. राजाच्या आणि फर्माच्या चुकीत जातीचा भेद नाही. फर्माची थोरवी यामुळे कमी होत नाही. ‘सिद्धता हाती नाही’ हे त्याने लपविले नाही, म्हणून पुढच्याला शंका घेण्यास जागा राहिली.

अनुमान कोसळले तरी त्या पहिल्या पाच संख्यांचे भाग्य थोर होते. ३० मार्च १७९६ रोजी, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नसताना, कार्ल फ्रीड्रिख गाउस याने शोधून काढले की, केवळ खुणा नसलेली पट्टी आणि कंपास यांच्या साहाय्याने सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते. युक्लिडनंतर दोन हजार वर्षे या बाबतीत एक पाऊलही पुढे पडले नव्हते. भाषाशास्त्राकडे वळावे की गणिताकडे, हा गाउसचा संदेह या शोधाने मिटला. सतराच का, तर तो पटावरील गुणक आहे. विषम बाजूंची सुसम आकृती या साधनांनी काढता येते ती, बाजूंची संख्या म्हणजे फर्माच्या प्रकारची एखादी मूळसंख्या असेल किंवा अशा भिन्न मूळसंख्यांचा गुणाकार असेल तेव्हाच. ‘तेव्हाच’ या शब्दाची सिद्धता १८३७ मध्ये पिएर वांत्सेल याने दिली. अशा मूळसंख्या आजवर पाचच सापडल्या आहेत. त्या पाचांचा गुणाकार म्हणजे ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे अर्ध्या पटावरील दाण्यांची बेरीज! काढता येईल असे ठाऊक असलेल्या विषमभुज सुसम आकृतींत सर्वांत अधिक बाजूंची आकृती हीच होय.

तेव्हा चौसष्ट घरांच्या संख्येचे पूर्ण विघटन असे : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ या सात मूळसंख्यांचा गुणाकार. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या एकंदर १२८. पण तिचे शेजारी पाहावे. तिच्यापेक्षा एकाने मोठी संख्या म्हणजे निव्वळ दोनांचा गुणाकार. दोहोंनी मोठी असलेली संख्या ही फर्माच्या मालिकेतील सातवी. तिचे अवयव १८८० मध्ये फ्रेंच गणितज्ञ फोर्च्युने लँड्री याने वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी शोधून काढले : २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. मालिकेतील त्यापुढची संख्या एकोणचाळीस अंकी. ती मूळसंख्या नाही हे १९०५ मध्ये सिद्ध झाले. तिचे अवयव मात्र हाती आले ते १९७० मध्ये, संगणकाच्या मदतीने. एखादी संख्या विभाज्य आहे हे निश्चित कळावे आणि विभाजक मात्र कळू नये, ही विलक्षण स्थिती तिने पासष्ट वर्षे भोगली.

गुणाकार सोपा आणि अवयव शोधणे कठीण, या विषमतेवरच आज जगाचा बराचसा व्यवहार उभा आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी गुप्त संदेशाची जी पद्धती शोधली, तिचे कुलूप म्हणजे दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार होय. गुणाकार जगजाहीर असतो. अवयव ज्याचे त्यालाच ठाऊक असतात. त्या पद्धतीत संदेश बंद करताना जो घात घेतात तो बहुधा ६५,५३७ असतो, म्हणजे फर्माची पाचवी संख्या. संगणकाचेही तसेच. चौसष्ट बिटांच्या संगणकात चौसष्ट स्थाने असतात आणि प्रत्येक स्थानी शून्य किंवा एक. पिंगलाचे लघू आणि गुरूच म्हणावे. चौसष्टही स्थानी एक आला की जी संख्या होते ती सिस्साची. त्या चौसष्ट स्थानांत मावणारी सर्वांत मोठी संख्या तीच. तीत आणखी एक मिळविला की सारी स्थाने शून्य होतात. पट भरतो आणि पासष्टावे घर नसते.

फर्माच्या मालिकेत सहाव्या मूळसंख्येचा शोध अद्याप चालू आहे. ऑयलरने पाडलेल्या संख्येपासून पुढच्या ओळीने अठ्ठावीस संख्या विभाज्य असल्याचे निश्चित झाले आहे. एकोणतिसावी अनिर्णित आहे, आणि तिला अडीचशे कोटींहून अधिक अंक आहेत. फर्मा म्हणाला होता, सर्व मूळसंख्या. आज बहुतेक गणितज्ञांना वाटते, पाचांखेरीज एकही नाही. हेही अनुमानच आहे. अठ्ठावीस घरे पाहिली म्हणून पुढील घराची शाश्वती देता येत नाही, हे ज्यांना पटते त्यांनी बुद्धिबळाच्या पटावरील धडा नीट गिरविला असे म्हणावे. सिस्साने राजाकडून गहू मिळविला की नाही याची नोंद गणितात नाही. त्याच्या मागण्यातून निघालेली संख्या मात्र हजार वर्षे माणसांना हिशेबाला बसवीत आली आहे, आणि तो हिशेब अजून पुरा झालेला नाही.